मधल्या पदाची किमया

एका अंकगणिती श्रेढीतील पहिल्या 15 पदांची बेरीज किती? विधान 1: श्रेढीचे आठवे पद 20 आहे. विधान 2: श्रेढीचे पहिले पद 6 आहे.

इथे बेरीज विचारलेली दिसते, पण ती काढायची नाही. कोणत्या विधानातील माहिती बेरीज काढायला पुरेल, एवढेच सांगायचे. पहिले एकटे पुरते, दुसरे एकटे पुरते, दोहोंपैकी कोणतेही चालते, दोन्ही मिळून लागतात, की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत? माहितीच्या पर्याप्ततेचे हे प्रश्न व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या जीमॅट परीक्षेमुळे जगभर ओळखीचे झाले. आपल्याकडे बँकांच्या भरती परीक्षांत आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्येही ते येतात.

दहावीचे बीजगणित चांगले झालेला विद्यार्थी लगेच पेन सरसावतो. पहिले पद a, सामान्य फरक d. अज्ञात राशी दोन, विधानेही दोन. a = 6, a + 7d = 20, म्हणून d = 2, शेवटचे पद 34 आणि बेरीज 300. बेरीज अगदी बरोबर, पण ‘दोन्ही विधाने लागतात’ हे उत्तर चूक! 15 पदांत आठवे पद नेमके मधोमध असते. सातवे त्याच्यापेक्षा जेवढे कमी, तेवढेच नववे जास्त; सहावे आणि दहावे यांचेही तसेच. प्रत्येक जोडीतील कमी-जास्त फिटते आणि बेरीज उरते 15 × 20. श्रेढी 6 पासून दोन-दोनने वाढो, –8 पासून चार-चारने वाढो, नाहीतर सगळी पदे 20 च असोत, बेरीज 300 वरून हलत नाही. a आणि d दोन्ही माहीत नसताना बेरीज मात्र ठाम कळते, हे मला आजही विलक्षण वाटते.

भास्कराचार्यांना हे मर्म पुरते ठाऊक होते. ‘लीलावती’ या त्यांच्या 1150 च्या ग्रंथात श्रेढीव्यवहार नावाचे प्रकरण आहे. पहिल्या पदाला ते आदि म्हणतात, फरकाला चय, पदसंख्येला गच्छ, मधल्या पदाला मध्यधन आणि बेरजेला सर्वधन. मध्यधनाला गच्छाने गुणले की सर्वधन मिळते. गच्छ सम असेल तर मधले पदच नसते. तिथे मध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पदांची निम्मी बेरीज मध्यधन मानावी, हेही ते आवर्जून सांगतात. आदि, चय, गच्छ आणि सर्वधन यांतील कोणतीही एक राशी झाकून उरलेल्या तिघींवरून ती शोधायची, अशी त्यांच्या उदाहरणांची मांडणी आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करायला निघालेला राजा पहिल्या दिवशी 2 योजने चालतो, रोज सारखीच वाढ करत 7 दिवसांत 80 योजने गाठतो. तर रोजची वाढ किती? उत्तर येते 22/7 योजने.

आता उलटा फसवा प्रकार. श्रेढीचे दहावे पद किती? विधान 1: तिसऱ्या आणि अकराव्या पदांची बेरीज 50 आहे. विधान 2: पहिल्या 13 पदांची बेरीज 325 आहे. दोन अज्ञात, दोन समीकरणे, म्हणजे काम फत्ते असे वाटते. पण तिसऱ्या आणि अकराव्याच्या मधोमध सातवे पद येते, म्हणजे पहिले विधान सांगते, सातवे पद 25. 13 पदांच्या मधलेही सातवेच, आणि 325 भागिले 13 म्हणजे पुन्हा 25. दोन्ही विधानांनी एकच गोष्ट सांगितली! श्रेढी 7, 10, 13… अशी असेल तर दहावे पद 34. सगळी पदे 25 असतील तर 25. दोन्ही विधाने मिळूनही माहिती अपुरी. म्हणून विधाने मोजू नयेत, प्रत्येक विधान कोणत्या पदावर बोट ठेवते ते आधी पाहावे.

पदसंख्या विचारली की वर्गसमीकरण येते, आणि तिथे खरी गंमत आहे. ‘लीलावती’त एक दाता पहिल्या दिवशी 3 द्रम्म देतो, रोज 2 वाढवतो आणि एकूण 360 देतो, तर किती दिवस? n(n + 2) = 360 याची उत्तरे 18 आणि –20. दिवस ऋण नसतात, त्यामुळे 18 हेच उत्तर आणि माहिती पुरेशी. आता पहिले पद 20, फरक –2 आणि बेरीज 108 घ्या. n(21 – n) = 108 याची उत्तरे 9 आणि 12, दोन्ही धन. ताळा करून पाहा: दहावे पद 2, अकरावे 0, बारावे –2. तिघांची बेरीज शून्य, म्हणून नवव्या पदाशी झालेली 108 ही बेरीज बाराव्याशी पुन्हा तीच भरते. एवढ्या माहितीवर पदसंख्या ठरत नाही. ‘श्रेढीतील सर्व पदे धन आहेत’ असे दुसरे विधान जोडा. त्या विधानात एकही आकडा नाही, पण त्याने 12 बाद होतात आणि 9 पदे पक्की होतात.