आपत्तीकाळातील मनोरुग्णांचे स्थलांतर

आपत्तीकाळातील मनोरुग्णांचे स्थलांतर म्हणजे भूकंप, पूर, आग अशा प्रसंगी मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना रुग्णालयातून अथवा राहत्या घरातून सुरक्षित स्थळी हलवणे आणि तेथे त्यांचे उपचार अखंड चालू ठेवणे होय.

मराठवाड्यातील स्वरूप

महाराष्ट्रातील चार जुनी शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे लातूर व नांदेड जिल्ह्यांत आपत्तीच्या वेळी मनोरुग्णांना हलवण्याचा भार प्रथम कुटुंबीय व शेजाऱ्यांवर पडतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो लोक मृत्युमुखी पडले आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. वाचलेल्यांमधील मानसिक विकारांचा पुढे संशोधकांनी अभ्यास केला. नांदेड शहर गोदावरीकाठी असल्याने तेथील सखल वस्त्यांना पुराचा धोका असतो.

अडचणी

औषधे अचानक बंद पडल्यास आजार उलटू शकतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झाल्यास विषबाधेचा धोका वाढतो. गर्दी, गोंगाट आणि झोपमोड यांमुळे निवारा केंद्रात रुग्णाची अस्वस्थता वाढू शकते. म्हणून औषधांची चिठ्ठी, काही दिवसांचा औषधसाठा आणि ओळखीची व्यक्ती सोबत असणे आवश्यक ठरते.

उल्लेखनीय घटना

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २५ हून अधिक मनोरुग्ण मरण पावले. साखळदंडांनी बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. जपानमधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर मार्च २०११ मध्ये फुताबा रुग्णालय व संलग्न वृद्धनिवासातील ४० हून अधिक जण बसमधील दीर्घ प्रवासात किंवा स्थलांतराच्या विलंबात दगावले. पहिल्या घटनेत सुटकेचा मार्गच नव्हता. दुसऱ्या घटनेत नियोजनाविना केलेले स्थलांतरच घातक ठरले.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश असून, त्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे व त्यांना धोक्याची सूचना देणे बंधनकारक आहे. मनोरुग्णालय नसलेल्या जिल्ह्यात ही नोंदच सुटकेचा पहिला आधार ठरते.