रणांगणानंतरचे नाट्य

युद्ध थांबले तरी सैनिकाच्या मनातील युद्ध थांबतेच असे नाही. वैद्यकाने आणि रंगभूमीने हे सत्य एकाच वर्षी समाजापुढे ठेवले, हा विलक्षण योग होय. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान प्रथमच समाविष्ट झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ओडिसी थिएटरमध्ये 'ट्रेसर्स' हे नाटक रंगमंचावर आले. जॉन डिफुस्को आणि व्हिएतनामहून परतलेले त्यांचे सहकारी यांनी ते स्वतःच्याच आठवणींतून रचले व स्वतःच सादर केले. पुढे २०१२ मध्ये लंडन येथे 'द टू वर्ल्ड्स ऑफ चार्ली एफ' या नाटकात जखमी ब्रिटिश सैनिकच नट झाले. ओवेन शीअर्स यांनी त्यांच्या अनुभवांवरून संहिता लिहिली.

नाटक औषधाची वा समुपदेशनाची जागा घेऊ शकत नाही. परंतु सोबती गेला आणि आपण उरलो, ही बोचणी लक्षणांच्या यादीत मावत नाही. ती रंगमंचावर बोलता येते आणि ऐकणारा समाजही लाभतो.

आपल्या मोहनखेडा-धार परिसराला महूची छावणी परकी नाही. निवृत्त सैनिक स्वतःच्या अस्वस्थतेसाठी क्वचितच डॉक्टरांकडे जातो. बालरोगतज्ज्ञाकडे येते ते त्याचे मूल: झोपेत दचकणारे, अंथरूण ओले करणारे, अबोल झालेले. अशा वेळी मुलाच्या तपासणीबरोबरच "वडिलांना झोप कशी लागते?" एवढे आपण आस्थेने विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे.