पोपटी बारा महिने मिळू नये

सीफूड बॉइल म्हटलं की समुद्र डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत लुइझियानाच्या केजन लोकांचं हे खाणं, पण त्याचा मानकरी समुद्रातला नाहीच. क्रॉफिश हा नांग्यांचा, बोटभर लांब जीव गोड्या पाण्याच्या दलदलीत आणि भातखाचरांत वाढतो. भात निघाला की तिथले शेतकरी खाचरं पुन्हा पाण्याने भरतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांतून क्रॉफिश काढतात. बटाटे, मक्याची कणसं आणि तिखट मसाल्याबरोबर ते उकळायचे, कागद अंथरलेल्या टेबलावर ओतायचे आणि सगळ्यांनी मिळून हाताने सोलून खायचे. कर्जत-खालापूरकराला यावर पोपटी आठवणारच, आणि ती नुसती हाताने खाण्यावरून नव्हे. इथेही भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल होतो आणि पोपटी त्याच वालाच्या शेंगांची. दोन्ही पंगती भातशेताच्या दुसऱ्या पिकावर बसतात.

म्हणून कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी केजन मसाल्याच्या पुड्यांपेक्षा लुइझियानाचं वेळापत्रक उचलावं, म्हणजे पोपटी फक्त हंगामात लावावी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्याची वाफ आणि पाल्याचा वास, एवढंच भांडवल. मे महिन्यात फ्रीजरमधल्या शेंगा ओव्हनमध्ये घालून जे होतं, त्याला फार तर उकडलेल्या शेंगा म्हणावं.

थंडीतल्या एवढ्याशा हंगामावर धंदा कसा चालायचा, हा प्रश्न रास्त आहे. एक्सप्रेस-वेच्या फूड मॉलमध्ये बारा महिने तोच मेन्यू चालतो, कारण तिथलं गिऱ्हाईक वाटेवरचं असतं. कर्जतला माणूस मुद्दाम येतो. त्याला ‘आता नाही, थंडीत या’ सांगता येतं. शिवाय पावसाळा रिकामा नाही. तेव्हा ठाकूर-कातकरी बायका खाचरातले, ओढ्यातले खेकडे रस्त्याकडेला विकायला बसतात. त्यांचा रस्सा लांबून बर्फात आलेल्या सुरमईपेक्षा या मातीला जवळचा. फक्त तो नीट शिजवावा. गोड्या पाण्यातला कच्चा खेकडा फुप्फुसात जंत नेऊ शकतो. आणि वाढायला वर्तमानपत्र नको, केळीचं पान घ्यावं. छापील कागदावर अन्न देऊ नये, असं एफएसएसएआयने 2023 सालीही बजावलं आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. लुइझियानात क्रॉफिशची शेती होते, आपल्याकडचे खेकडे नुसते वेचले जातात. हॉटेलांची मागणी वाढली तर खाचरं ओस पडतील, ही भीती खोटी नाही. तेव्हा पोटाखाली पिल्लं असलेली मादी विकत घ्यायचीच नाही, एवढं हॉटेलवाल्याने ठरवावं आणि उरलेल्या मालाला आठवड्याचा नव्हे, त्या दिवसाचा भाव द्यावा.