एमआय-८ ते एमआय-१७ व्ही-५ : एका वाहतूक हेलिकॉप्टरच्या उपप्रकारांचा विकास

प्रस्तावना

वाहतूक हेलिकॉप्टरची माहिती देताना त्याचा कमाल वेग, पल्ला आणि भारक्षमता यांचे आकडे दिले जातात. हे आकडे सर्वसाधारणपणे अनुकूल हवामानातील आणि कमी उंचीवरील असतात. परंतु जेथे हेलिकॉप्टरवाचून दुसरा उपाय उरत नाही, अशी ठिकाणे पुष्कळदा उंच पर्वतात असतात. तेथे खरा प्रश्न हा असतो की, या उंचीवर आणि या तापमानात किती माणसे उचलता येतील? सोव्हिएत रशियात निर्माण झालेल्या एमआय-८ या हेलिकॉप्टरच्या उपप्रकारांचा इतिहास म्हणजे प्रामुख्याने या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरे होत. प्रस्तुत लेखात या विकासाचा आणि भारतातील त्याच्या उपयोगाचा आढावा घेतला आहे.

उगम आणि रचना

मिखाईल मिल (१९०९-१९७०) यांच्या आराखडा संस्थेने १९५० च्या दशकात दट्ट्याच्या इंजिनावर चालणारे एमआय-४ हे हेलिकॉप्टर तयार केले होते. त्याची जागा घेण्यासाठी टर्बाइन इंजिनाचे नवे यंत्र आखण्यात आले. त्याच्या पहिल्या नमुन्याचे उड्डाण १९६१ मध्ये झाले. त्यास एकच इंजिन आणि चार पात्यांचा मुख्य रोटर होता. पुढे दोन इंजिने व पाच पाती ही रचना स्वीकारली गेली. एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्याच्या वाढीव शक्तीवर सुरक्षितपणे उतरण्याची संधी मिळावी, हा दुहेरी इंजिनांचा मोठा लाभ होय. १९६५ पासून कझान येथे आणि पुढे उलान-उदे येथेही उत्पादन सुरू झाले. सर्व उपप्रकार मिळून या कुळातील १२ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे आजवर तयार झाली आहेत.

लष्करी आणि नागरी रूपे

एकाच सांगाड्यातून दोन्ही क्षेत्रांची गरज भागवणे हे या यंत्राचे ठळक वैशिष्ट्य आहे. एमआय-८टी हा वाहतुकीचा उपप्रकार २४ सैनिक नेतो. त्याच्या खिडक्या गोल असून मागील बाजूस शिंपल्याप्रमाणे उघडणारी दारे आहेत. एमआय-८पी या प्रवासी उपप्रकारात चौकोनी खिडक्या आणि २८ आसने आहेत. इंजिने, रोटर व गिअरबॉक्स मात्र दोहोंमध्ये सारखेच आहेत. त्यामुळे सुटे भाग, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च विभागला गेला.

उपयोगाच्या बाबतीतही ही सीमारेषा पुसट राहिली. १९८६ मध्ये चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतर वाळू, शिसे आणि बोरॉनयुक्त पदार्थ टाकण्याच्या कामी लष्करी एमआय-८ वापरली गेली. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी तेथे एका एमआय-८ चा रोटर क्रेनच्या तारेत अडकला आणि चारही कर्मचारी मृत्युमुखी पडले.

विरळ हवेचा प्रश्न

रोटरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्या प्रतिक्रियेतून उत्थापन बल मिळते. हवा विरळ झाली की हे बल घटते. सुमारे ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असते. उष्णतेने ती आणखी कमी होते. इंजिनालाही ज्वलनासाठी कमी हवा मिळत असल्याने त्याची शक्ती घटते. गरज वाढते आणि सामर्थ्य कमी होते, असा हा दुहेरी तोटा आहे. अशा वेळी वैमानिकापुढे इंधन किंवा माणसे कमी करणे एवढाच मार्ग उरतो.

मूळ एमआय-८ ची इंजिने प्रत्येकी सुमारे १,५०० अश्वशक्तीची होती. अफगाणिस्तानातील युद्धात (१९७९-८९) उष्ण व उंच प्रदेशात ही शक्ती अपुरी ठरली. सुमारे १,९०० अश्वशक्तीची टीव्ही३-११७ इंजिने बसवलेला एमआय-८एमटी हा उपप्रकार तेथे अधिक उपयुक्त ठरला. त्यात शेपटीचा रोटर उजवीकडून डावीकडे आणल्याने दिशानियंत्रण सुधारले. निर्यातीसाठी याच उपप्रकारास एमआय-१७ हे नाव मिळाले. पुढील एमआय-१७-१व्ही मध्ये अधिक उंचीवर शक्ती टिकवणारी इंजिने आली. एमआय-१७ व्ही-५ मध्ये मागील दारांऐवजी उतरता फलाट, अद्ययावत उड्डाण-उपकरणे आणि ३६ सैनिकांपर्यंत जागा आहे. त्याचे कमाल उड्डाणवजन १३,००० किलोग्रॅम आहे.

भारतीय अनुभव

भारतीय वायुसेनेत एमआय-८ चा प्रवेश १९७० च्या दशकाच्या प्रारंभी झाला. १९८४ मध्ये सियाचेन येथील 'ऑपरेशन मेघदूत' मोहिमेत त्याने सैन्य व सामग्री पोहोचवली. तेथील सर्वांत उंच चौक्यांपर्यंत मात्र चीतासारखी हलकी हेलिकॉप्टरेच थोडा थोडा भार नेऊ शकतात. १७ डिसेंबर २०१७ रोजी बंगळुरूनजीक येलहंका येथे एमआय-८ ला निरोप देण्यात आला.

१९९९ च्या कारगिल युद्धात अग्निबाण बसवलेली एमआय-१७ हल्ल्यासाठी वापरली गेली. २८ मे रोजी त्यांपैकी एक क्षेपणास्त्राने पाडले गेले व चार जण हुतात्मा झाले. त्यानंतर ही हेलिकॉप्टरे सशस्त्र हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली. वाहतुकीसाठी आखलेल्या यंत्रास शस्त्रे जोडता येतात, पण त्यामुळे ते लढाऊ यंत्राइतके सुरक्षित होत नाही, हा यातील धडा होय.

२००८ च्या करारानंतर आलेली एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरे फेब्रुवारी २०१२ मध्ये औपचारिकरीत्या सेवेत दाखल झाली. पुढील वर्षी उत्तराखंडातील महापुरात त्यांनी अडकलेल्या यात्रेकरूंना बाहेर काढले. त्याच कार्यात २५ जून २०१३ रोजी गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून वायुसेना, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे मिळून २० जण मृत्यू पावले.

मर्यादा

अधिक शक्ती हे सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळील अपघातात संरक्षण दल प्रमुख जनरल बिपीन रावत यांच्यासह १४ जणांना प्राण गमवावे लागले. हवामान अनपेक्षितपणे बदलून हेलिकॉप्टर ढगांत शिरले आणि वैमानिकास दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष वायुसेनेच्या चौकशीत निघाला. सक्षम इंजिन पर्वतावर नेऊ शकते. पुढचा डोंगर दाखवू शकत नाही.

दुसरी मर्यादा पुरवठ्याची आहे. हेलिकॉप्टर रशियाचे असले तरी टीव्ही३-११७ इंजिनांचे उत्पादन सोव्हिएत काळापासून मुख्यतः युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथे होत असे. २०१४ नंतर दोन्ही देशांचे संबंध तुटल्यावर रशियाने व्हीके-२५०० या इंजिनाच्या स्वदेशी उत्पादनावर भर दिला. २०२२ नंतरच्या निर्बंधांमुळे आयात करणाऱ्या देशांपुढील अडचणी वाढल्या. या पार्श्वभूमीवर चंदीगड येथील वायुसेनेच्या दुरुस्ती केंद्रात होणारे या हेलिकॉप्टरांचे पुनर्दुरुस्तीचे काम विशेष महत्त्वाचे ठरते.

समारोप

सहा दशकांत या हेलिकॉप्टरची बाह्य आकृती फारशी बदलली नाही. बदलली ती इंजिने, गिअरबॉक्स, उपकरणे आणि दारे. सिद्ध झालेला सांगाडा कायम ठेवून गरजेनुसार त्याचे अंतरंग बदलणे, हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण दिसते. भविष्यात त्याची जागा घेणारे यंत्र निवडताना केवळ आधुनिकता किंवा समुद्रसपाटीवरील आकडे हा निकष पुरेसा ठरणार नाही. हिमालयातील तापलेल्या दुपारी ते किती जणांना घेऊन सुरक्षितपणे परत येईल आणि त्याची दुरुस्ती देशातच होऊ शकेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ती निवड व्हावयास हवी.