चतुर पावसाचा अंदाज सांगत नाहीत

सप्टेंबर लागला की मैदानांवर, भातखाचरांवर, सोसायटीच्या गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात आणि पाठोपाठ मोबाइलवर तोच निरोप फिरतो: ‘चतुर खाली उतरले, चोवीस तासांत पाऊस नक्की.’ पाऊस पडला की ‘बघा, सांगितलं नव्हतं?’ अहो, पावसाळ्यात पाऊस पडेल हे सांगायला किडा कशाला हवा? थवे आले आणि ऊन पडलं, अशा दिवसांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

या थव्यांमध्ये बहुतेक पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स या जातीचे चतुर असतात. ते खाली उडतात, कारण चिलटं आणि बारीक माश्या तिथे असतात. ते जेवत असतात, हवामान वाचत नसतात. मादी अंडी घालते ती बहुधा पावसाने भरलेल्या तात्पुरत्या डबक्यांत. पिल्लं पाण्यात वाढतात आणि उबदार पाण्यात साधारण ३८ ते ६५ दिवसांत पंख फुटून बाहेर पडतात. म्हणजे सप्टेंबरचा थवा इथलाच असो की उत्तरेकडून आलेला, तो जुलैच्या आसपास पडून गेलेल्या पावसाची पावती आहे.

समजात तथ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर हे चतुर भारतात येतात, त्याच वाऱ्यांबरोबर पाऊसही येतो. दोघांना आणणारा वारा एकच, एवढंच त्यांचं नातं. त्यावरून उद्या छत्री घ्यावी की नाही हे ठरत नाही. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातले असंख्य चतुर भारत सोडून दक्षिणेकडे निघालेले असतात.

याला पुरावा काय? मालदीवमध्ये दर ऑक्टोबरपासून हे चतुर मोठ्या संख्येने उतरतात. त्या प्रवाळबेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाहीच, तेव्हा ते तिथे जन्मलेले असणं शक्य नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून २००९ साली मांडलं, की ते भारताकडून येतात आणि वाऱ्यावर तरंगत पूर्व आफ्रिकेला जातात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटरचा हा फेरा एक चतुर नव्हे, तर सुमारे चार पिढ्या मिळून पुरा करतात. २०१२ साली मालदीवमधल्या चतुरांच्या पंखांतली हायड्रोजनची समस्थानिकं तपासली गेली, तेव्हा त्यांचं जन्मस्थान उत्तर भारतीय उपखंडाकडे असल्याचं दिसलं. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत ही जात आढळते, युरोपात मात्र क्वचितच. पॅसिफिकमधल्या एकाकी ईस्टर बेटावरही ती नांदते.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

‘चतुर डंख मारतो.’ डंखच नाही, तर मारणार कशाने? शेपटीच्या टोकाला नराला मादीला धरण्याचे चिमटे असतात. मुठीत दाबलात तर जबड्याने चावेल, पण विष नाही.

‘टाचणी म्हणजे चतुराचं पिल्लू.’ टाचणी हा वेगळा गट. बसताना ती बहुधा पंख पाठीवर मिटते, चतुर पसरून ठेवतो. शिवाय पंख फुटल्यावर कुठलाही कीटक वाढत नाही.

‘गाडीच्या टपावर शेपटी आपटतो तो उन्हाने वेडावून.’ चकचकीत रंगावरून परतणारा प्रकाश त्याला पाण्यासारखा भासतो. मादी तिथे अंडी घालते आणि ती वाया जातात.

‘चतुर आले, आता डेंग्यू गेला.’ चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात, हे खरं. पण डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, चतुराला महिना-दोन महिने लागतात आणि कुंडीखालच्या बशीत तो सहसा अंडी घालत नाही. ती बशी आणि कूलर आठवड्यातून एकदा तुम्हीच कोरडे करायचे आहेत.