उतरायला पाणी कुठलं?

मे महिन्यात शहापूरच्या भातसा धरणाच्या फुगवट्याकडे गेलं की काठ कुठे संपला आणि धरण कुठे सुरू झालं, कळत नाही. पाणी पार खाली गेलेलं, उतारावर एकाखाली एक लाल मातीच्या रेघा, मधूनच वर आलेली काळी खोडकं. गुरं चिखल तुडवत पाण्यापर्यंत जातात. ‘आता धरणांवर सी-प्लेन उतरणार’ ही बातमी जेव्हा जेव्हा वाचली, तेव्हा मला आधी ती खोडकंच आठवली.

बातम्या खोट्या नव्हत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये राज्याचं पर्यटन विकास महामंडळ आणि ‘मेहएअर’ ही कंपनी यांनी जुहूहून अँबी व्हॅलीला सेवा सुरू केली. पुढच्या यादीत पवना, मुळा, वरसगाव, धोम ही धरणं होती. भातसा नव्हतं, शहापुरात हवा खायला विमानाने येतंय कोण? अंदमानासाठीच्या ‘जल हंस’ या सी-प्लेन सेवेचा मुहूर्तही २०१० च्या अखेरीस जुहूलाच झाला होता. डिसेंबर २०१७ मध्ये स्पाइसजेटने गिरगाव चौपाटीवर चाचणी घेतली, शंभरावर विमानं घ्यायची भाषा झाली. साबरमती ते केवडिया ही सेवा ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली, तीही मालदीवहून आणलेल्या एका ट्विन ऑटरवर. एप्रिल २०२१ मध्ये बंद. मुहूर्ताला गर्दी, पुढे सामसूम.

गंमत म्हणजे आपल्याकडची तळी एकेकाळी खरोखरच विमानतळ होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजच्या उडत्या बोटी इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनहून निघत आणि कराचीनंतर मेवाडातलं राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असं पाणी धरत कलकत्त्याला पोचत. धावपट्टी बांधायची नाही, हाच त्यात फायदा. मग महायुद्ध आलं, लष्कराने जगभर पक्क्या धावपट्ट्या टाकल्या आणि फायदाच उरला नाही. इम्पीरियलच्या वारसदार कंपनीने १९५० मध्ये उडत्या बोटी मोडीत काढल्या.

‘धावपट्टी लागत नाही’ हे तसं अर्धंच खरं. विमानाच्या पायाशी जे तराफे असतात, त्यांत पाणी झिरपतं. रोज सकाळी उड्डाणाआधी एकेक कप्पा हातपंपाने उपसावा लागतो. समुद्रात उतरलं तर खारं पाणी धुऊन काढायचं, नाहीतर गंज. पाणी आरशासारखं निवांत असेल तर आणखीच पंचाईत: वैमानिकाला आपण किती उंचीवर आहोत याचा अंदाज येत नाही. पाण्यावर दिवे नाहीत, म्हणून दिवस मावळला की उड्डाण बंद. त्यात सह्याद्रीचा पावसाळा, म्हणजे चार महिने ढग डोंगराला टेकलेले आणि पुराबरोबर वाहत आलेले ओंडके. एका ओंडक्याने तराफा फाटला की संपलं.

मालदीवमध्ये हे सगळं असूनही धंदा चालतो, कारण बेटावरच्या हॉटेलात पोचायला दुसरी झटपट वाट नाही आणि पाहुणा त्यासाठी डॉलर मोजतो. आपल्याकडे ती अडच नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. शहापूरच्या डोंगरांतून गाड्या आता सरळ निघून जातात.

आणि पाणी तरी कुठे मोकळं आहे? मुंबईच्या सात तलावांचा साठा साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास. त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातशाचा. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय, मोडकसागर १९५७ पासून. त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. अशा पाण्यावर विमानाचं इंधन सांडलं तर कोण उत्तर देणार? केरळात जून २०१३ मध्ये मासेमारांनी हाच प्रश्न आपल्या परीने विचारला, आणि अष्टमुडीहून निघायचं विमान आलप्पुळाला उतरू दिलं नाही. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे.

गुंतवणूकदारांच्या आराखड्यांत सी-प्लेनचा धक्का तरंगता असतो, पातळीबरोबर खालीवर होणारा. भातशाच्या फुगवट्याशी मला एक म्हातारबा दिसले. होडी खोडक्याला बांधलेली, शेजारी खुंटी. पाणी हातभर उतरलं की ते खुंटी उपटतात, चार पावलं खाली सरकवतात आणि दगडाने ठोकतात. मी पाहत होतो तेवढ्यात त्यांनी ती एकदा सरकवली. “मृगापर्यंत अजून बरंच खाली जायचंय,” म्हणाले, आणि जाळं उचललं.