गव्हाच्या देशांतील इंग्रज दुकानदार

घराण्याचा इतिहास म्हटला म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें सनदा, वतनें आणि तरवारी उभ्या राहतात. ज्या कुळांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं त्यास इतिहासच नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत ज्या इंग्रज कुटुंबांनीं दुकानें थाटलीं त्यांचा इतिहास बहुतांशीं उधारीच्या वहींत सांपडतो. आणि तो वाचण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

मॅनिटोबा, सस्कॅचवन व आल्बर्टा ह्या तीन प्रांतांत हीं मैदानें पसरलेलीं आहेत. 1872 च्या कायद्यानें तेथें 10 डॉलर फी भरून 160 एकर जमीन मागतां येई. तीन वर्षें तीवर राहून, कांहीं भाग नांगरून घर बांधलें म्हणजे ती मागणाराच्या मालकीची होई. ही भूमि ओसाड आहे असें जाहिरातींत छापीत. वस्तुतः क्री वगैरे मूळचे लोक तेथें पिढ्यान् पिढ्या वावरत होते व 1876 च्या सहाव्या तहानंतर त्यांस राखीव जागांत आकुंचित होऊन राहावें लागलें. ही गोष्ट मनांत ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

1903 च्या मार्च महिन्याच्या अखेरीस लिव्हरपूलहून 'लेक मॅनिटोबा' नांवाच्या आगबोटीनें सुमारें 2000 इंग्रज स्त्रीपुरुष व मुलें निघालीं. आयझॅक बार नांवाच्या पाद्र्यानें ही टोळी जमविली होती. सेंट जॉन बंदरीं उतरून तीं आगगाडीनें सस्कटून येथवर गेलीं. तेथून पुढें सुमारें 200 मैलांची वाट बैलांच्या वा घोड्यांच्या गाड्यांतून कंठावयाची होती. ह्यांतील पुष्कळजण शहरांतले कारकून, दुकानांतले नोकर व कारागीर. बैल जुंपावा कसा हेंही कित्येकांस ठाऊक नव्हतें! व्यवस्थेचा बोजवारा उडाला तेव्हां लोकांनीं बार ह्यांस दूर सारून रेव्हरंड जॉर्ज एक्स्टन लॉइड ह्यांस पुढारी नेमलें, आणि नव्या गांवास लॉइडमिन्स्टर हें नांव पडलें. 1905 सालीं सस्कॅचवन व आल्बर्टा हे प्रांत निर्माण झाले, ते असे कीं, सीमेची रेघ ह्या गांवाच्या मधोमधच गेली.

नांगर ज्याच्या हातीं बसला नाहीं तो पुष्कळदां आपल्या जुन्या धंद्याकडे वळे. रेल्वे पुढें सरके तसें स्टेशन होई, शेजारीं धान्याचें उंच लाकडी कोठार उभें राही, आणि समोर एक दुकान. पीठ, साखर, चहा, घासलेट, खिळे, जोडे, घोड्याचें सामान, लुगडीं नव्हत पण कापडाचे तागे, सर्व एकाच छपराखालीं. कोठें कोठें टपालही तेथेंच. कुटुंब मागच्या खोल्यांत किंवा माडीवर राही. गिऱ्हाईक जेवतांनाही येई व घरधनीण उठून जाई. शेतकऱ्यांच्या बायका अंडीं व लोणी आणून त्यांच्या बदल्यांत सामान नेत. अंडें दिव्याच्या उजेडापुढें धरून पारखतां येई. परंतु एखादीचें लोणी खवट असलें तरी तें मुकाट्यानें घ्यावें लागे, नाहींतर तिच्या घरचें सगळें गिऱ्हाईक तुटे.

गहूं वर्षांतून एकदांच पिकतो. वसंतांत बीं पेरून शरदांत कापणी होईपर्यंत शेतकऱ्याच्या हातीं रोकड नसे. म्हणून आमच्याकडील वाण्याप्रमाणें हा दुकानदारही वहींत मांडून ठेवी. त्याला माल विनिपेगचे घाऊक व्यापारी उधार देत. म्हणजे पीक बुडालें तर शेतकऱ्यामागोमाग दुकानदारही बुडावयाचा, जरी त्यानें एक दाणाही पेरला नसला तरी. त्यांतच टोरांटोच्या ईटन कंपनीचें सूचिपत्र 1884 पासून निघूं लागलें होतें. 1905 सालीं तिचें मोठें दुकान विनिपेगासही उघडलें. ह्या कंपनीकडे रोख पैसे पाठवून शेतकरी कोट मागवी, आणि पैसे संपले म्हणजे चहासाखरेस गांवच्या दुकानांत उधारीवर येई. दुकानदाराच्या मनांत काय येत असेल, तें वाचकांनींच ताडावें.

खरी कसोटी 1930 नंतरच्या दशकांत लागली. एका बुशेल गव्हास 1929 सालीं डॉलराहून अधिक भाव होता. 1932 च्या डिसेंबरांत तो विनिपेगच्या बाजारीं 40 सेंटांच्याही खालीं गेला. त्यावर अवर्षण, टोळ, आणि सूर्य झांकणारी धूळ. नगरपालिका व ग्रामसंस्था गरजूंस मदतीच्या चिठ्या देत. त्या दुकानांत देऊन सामान घ्यावयाचें. ज्याच्या नांवावर जुनी बाकी चढलेली, तोच शेजारी मान खालीं घालून चिठी पुढें करी. त्यास परत पाठवावें तर त्याचीं मुलें उपाशीं. उधार देत राहावें तर आपलीं. कोणी दुकान विकून गेले, कोणी शेवटपर्यंत देत राहिले. दोघांसही नांवें ठेवावयास आम्ही धजत नाहीं.

पुढें मोटारी व पक्के रस्ते झाल्यावर लोक मोठ्या शहरीं बाजारास जाऊं लागले आणि बरींच खेड्यांतलीं दुकानें बंद पडलीं. नातवंडें आतां कुळाचा शोध घेतात तेव्हां आगबोटींतील उतारूंच्या याद्या पाहतात, जमिनीच्या अर्जांचीं दप्तरें पाहतात, 1906 व 1916 सालीं ह्या प्रांतांची स्वतंत्र खानेसुमारी झाली ती पाहतात. तींत आजोबांचें वय, जन्मदेश व मुलांचीं नांवें मिळतात. परंतु त्यांनीं कोणास किती दिवस पीठ उधार दिलें, हें पाहावयास माळ्यावरची वहीच खालीं काढावी लागते.